दिल्ली दुसऱ्यांदा: लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट सोडून काय बघावं?

निंबोणी

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दिल्लीला जातोय. पाच दिवस हातात आहेत. आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई (वय ७२, चालतात पण गुडघे दुखतात), मुलगी नववीत आणि मुलगा तिसरीत.

नऊ वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर दिल्ली 'केली' होती. बसमधून उतरा, वीस मिनिटांत फोटो काढा, परत बसा. दोन दिवसांत बारा ठिकाणं झाली. सासूबाईंना त्यातलं फक्त लाल किल्ल्याच्या रांगेतलं ऊन आठवतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, तिला काहीच आठवत नाही. मुलगा तर जन्मलाही नव्हता.

या वेळी घाई करायची नाही असं ठरवलंय. दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तीन. मॉल नकोत, खरेदी नको. मुलीला इतिहास मनापासून आवडतो, मुलाला रेल्वे आणि प्राणी-पक्षी. नवऱ्याला मराठ्यांच्या दिल्लीतल्या खुणा शोधायच्या आहेत. सासूबाई म्हणतात, "मला एकच जागा दाखवा, पण तिथे मला निवांत बसू द्या."

सहसा यादीत नसलेलं काय बघावं? प्रत्यक्ष गेलेल्यांनी लिहिलंत तर फार उपयोग होईल.

करोलबागकर

निंबोणी, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचूनच लिहायला बसलो. बावीस वर्षं दिल्लीत आहे, आल्यागेल्या सगळ्या पाहुण्यांना मीच फिरवतो.

आधी दोन कामाच्या गोष्टी. दिल्लीतली बहुतेक संग्रहालयं आणि लाल किल्लाही सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार बागा आणि उघड्यावरच्या अवशेषांसाठी ठेवा. आणि एका दिवशी एकच दिशा धरा. सकाळी दक्षिणेला मेहरौली आणि दुपारी उत्तरेला रिजचं टेकाड असं केलंत तर निम्मा दिवस रस्त्यातच जाईल. फेब्रुवारी निवडलात हे उत्तम केलंत. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत इथली हवा इतकी खराब असते की आजी आणि लहान मुलं असतील तर मी पाहुण्यांना येऊच देत नाही.

आता सासूबाईंची जागा: सुंदर नर्सरी. हुमायूनच्या मकबऱ्याच्या अगदी शेजारी. नाव नर्सरी असलं तरी नव्वद एकरांची बाग आहे. इंग्रजांच्या काळी नव्या राजधानीसाठी झाडं वाढवायची ही जागा. नंतर दुर्लक्षित झाली. आगाखान ट्रस्टने अनेक वर्षं काम करून ती २०१८ साली लोकांसाठी खुली केली. आत सोळाव्या शतकातल्या छोट्या छोट्या घुमटदार वास्तू, मधून वाहणारं पाणी, तीनशेहून जास्त जातींची झाडं. रस्ते सपाट आहेत, बाकं भरपूर आहेत. सकाळी उन्हात आजींना बसवा आणि मुलांना मोकळं सोडा.

तिथूनच हुमायूनच्या मकबऱ्याचं नवं संग्रहालय आहे, २०२४ मध्ये सुरू झालेलं. जमिनीखाली उतरत जातं, जुन्या बावडीसारखं (बावडी म्हणजे आपली पायऱ्यांची विहीर). मकबऱ्याच्या घुमटावरचा मूळ कळस तिथे ठेवलाय. तो २०१४ च्या वादळात खाली पडला होता. खालून बघताना कळस केवढासा वाटतो, तिथे समोर उभं राहिल्यावर तो माणसाच्या तिप्पट उंच आहे हे कळतं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि जवळच, निजामुद्दीन ईस्टमध्ये, रहीमचा मकबरा. आपण शाळेत ज्यांचे दोहे पाठ केले तेच अब्दुर्रहीम खानखाना. अकबराच्या दरबारातले. त्यांनी १५९८ मध्ये तो बायकोसाठी बांधला आणि पुढे स्वतःही तिथेच विसावले. मुघल काळात बाईसाठी बांधलेला पहिला मोठा मकबरा हाच मानतात, ताजमहालाच्या कितीतरी आधीचा. पुढे अठराव्या शतकात त्याचे संगमरवर आणि लाल दगड उचकटून सफदरजंगच्या मकबऱ्याला नेले. त्यामुळे घुमट उघडाबोडका दिसतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी थोडाच भाग नव्या संगमरवराने मढवलाय, बाकीचा घुमट तसाच ठेवलाय. काय गेलं हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते.

डबलडेकर

रेल्वे म्युझियम! रेल्वे म्युझियम! रेल्वे म्युझियम! तिसरीतल्या मुलासाठी दुसरं काही शोधूच नका.

निंबोणी

करोलबागकर, किती मनापासून लिहिलंत. सासूबाई हिंदी शिकवायच्या. रहीमचं नाव वाचून दाखवलं तर स्वयंपाकघरातून दोहे ऐकू यायला लागले.

डबलडेकर, ते आहेच, पण जरा सविस्तर सांगा ना.

डबलडेकर

सांगतो. चाणक्यपुरीत आहे, १९७७ पासून. बाहेर मोठ्या मैदानात खरी इंजिनं आणि डबे उभे आहेत, मुलांना जवळून बघता येतात. छोट्या गाडीत बसून फेरी मारता येते. पण चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे पतियाळा संस्थानाची मोनोरेल. १९०७ ची. एकच रूळ, त्यावर गाडीचा बहुतेक भार आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं लोखंडी चाक, ते चक्क रस्त्यावरून फिरायचं. मुलाला आधी विचारा, "एका रुळावर गाडी कशी उभी राहील?" मग तिच्यापुढे नेऊन उभं करा.

आजींना आत सावलीत बसायला जागा आहे. तीन तास धरून चला. आम्ही पाच तास होतो, बायको अजून तो विषय काढते.

पाऊलवाट

कुतुबमिनार सोडा म्हणताय, पण कुतुबच्या मागचं मेहरौली सोडू नका. कुतुबच्या फाटकावर बसेसची रांग असते आणि दहा मिनिटांच्या अंतरावरच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात सकाळी मोर आणि फिरायला आलेले चार लोक. तिकीट नाही.

मुलगी नववीत आहे ना? मग तिच्यासाठी एक खेळ सांगतो. मी माझ्या भाच्यांबरोबर केलाय. कुतुबच्या आवारात मशिदीपुढची बाराव्या शतकाच्या अगदी शेवटची भव्य कमानींची भिंत आहे. तिच्या कमानी नीट बघायला सांगा. त्या खऱ्या कमानी नाहीतच. दगडाचे थर आडवे ठेवत, प्रत्येक थर थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर जुळवल्यात. कारण काम करणारे गवंडी इथले होते आणि त्यांना तीच रीत ठाऊक होती. आपल्याकडच्या जुन्या देवळांची छतं याच रीतीने पेलली आहेत. मालकाला कमान हवी होती, गवंड्याने ती आपल्या पद्धतीने करून दिली.

मग तिथून उद्यानात बल्बनच्या कबरीकडे चालत जा. साधारण १२८७ ची. अगदी पडकी आहे, छत नाही, कोणी थांबत नाही. पण तिथे पाचरीसारखे घडवलेले दगड गोलाकार बसवून केलेली खरी कमान आहे. आज उभ्या असलेल्यांपैकी भारतातली सर्वांत जुनी खरी कमान म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे शंभरेक वर्षांत गवंड्यांच्या दोन-तीन पिढ्या काय शिकल्या ते तुम्ही अर्ध्या तासाच्या चालीत बघता. मला तरी मिनारापेक्षा यात जास्त मजा आली. भाची घरी येऊन पुस्तकांची कमान रचत बसली होती.

पुढे जमाली-कमालीची मशीद आणि कबर. कबरीच्या खोलीतलं रंगकाम इतकं ताजं आहे की विश्वास बसत नाही. खोली बहुधा कुलूपबंद असते, रखवालदाराला नम्रपणे विचारा. आणि राजों की बावली, गवंड्यांची विहीर. लोदी काळातली, १५०६ ची, चार मजले खोल. दिल्लीतल्या सगळ्या विहिरींत मला हीच सर्वांत देखणी वाटते.

माजघर

पाऊलवाट, लिहिलंय सुंदर, पण ७२ वर्षांच्या बाईला गुडघेदुखीत मेहरौलीत चालवायचं? वाटा कच्च्या आहेत, चढउतार आहेत, वाटेत ना पाणी ना स्वच्छतागृह. मी माझ्या आईला नेलं होतं. तिने तोंडातून ब्र काढला नाही, पण रात्री पाय सुजले. आईला त्रास होतोय हे मला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही याचं अजून वाईट वाटतं. निंबोणी, त्या दिवशी दोन गट करा. आजी आणि एक जण दुसरीकडे.

पाऊलवाट

माजघर, बरोबर आहे. मी तरण्या मुलांबरोबर गेलो होतो, तो विचार राहिलाच. आजींबरोबर थांबणाऱ्याने हौज-ए-शम्सीचा काठ धरावा. इल्तुतमिशचा तलाव, १२३० च्या सुमाराचा. काठावर जहाज महाल. गाडी जवळपर्यंत जाते.

शिंदेशाही

निंबोणींच्या यजमानांसाठी. दिल्लीतल्या मराठी खुणा म्हटलं की सगळे पानिपताकडे पळतात. पण शहरातच एक जागा आहे जिचं नाव दिल्लीकर रोज घेतात आणि ते मराठी आहे हे बहुतेकांना माहीत नसतं: हिंदूराव हॉस्पिटल.

हिंदूराव म्हणजे हिंदूराव घाटगे. कागलचे. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. उत्तर दिल्लीच्या टेकाडावर, रिजवर, विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला, त्यानंतर तो हिंदूरावांनी घेतला आणि तो 'हिंदूरावाचा वाडा' झाला. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला तेव्हा त्यांची सर्वांत मोक्याची जागा हाच वाडा होता. गोरखा पलटण तिथे तळ देऊन होती आणि शहरातून त्यावर सतत मारा होत होता. हिंदूराव त्याआधीच वारले होते. पुढे तिथे रुग्णालय झालं, नाव मात्र टिकलं.

आता त्या परिसरात काय बघायचं. रुग्णालयाच्या जवळच अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, ते जोडून १८६७ मध्ये इंग्रजांनी पुन्हा उभा केला. जोड स्पष्ट दिसतात. पुढे थोड्या अंतरावर लाल दगडाचा टोकदार मनोरा आहे. १८५७ मध्ये मेलेल्या स्वतःच्या सैनिकांसाठी इंग्रजांनी १८६३ मध्ये बांधलेला. त्यावर 'शत्रू' म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते म्हणजे आपले लोक. १९७२ मध्ये त्याचं नाव अजितगड केलं आणि शेजारी दुसरी पाटी बसवली: ज्यांना इथे शत्रू म्हटलंय ते स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर होते. जुनी पाटी काढली नाही. दोन्ही पाट्या मुलीला वाचायला द्या आणि तुम्ही काही बोलू नका. मी दर वेळी तिथे बराच वेळ उभा राहतो.

मेट्रोचं पुलबंगश स्टेशन जवळ आहे.

चिमणचारा

बापरे, हिंदूराव कागलचे! मी कोल्हापूरची, दिल्लीत तीन वर्षं काढली, माझी मैत्रीण त्याच रुग्णालयाजवळ राहायची. आम्ही रिक्षावाल्याला रोज 'हिंदूराव चलो' म्हणायचो. आपल्या गावाकडच्या माणसाच्या दारात उतरतोय हे आज कळलं.

रिजवर माकडं खूप आहेत, हातात खायचं काही ठेवू नका. माझ्या हातातला समोसा गेला तेव्हा माझ्यापेक्षा मैत्रीण जास्त रडली, कारण तो तिचा होता.

करोलबागकर

रिजवर सकाळीच जा, चार जणांनी एकत्र. संध्याकाळी सामसूम होते. हे मेहरौलीलाही लागू. दिवसा काही भीती नाही, पण पडक्या वास्तूंत अंधार पडेपर्यंत थांबू नये.

गुळपोळी

१७६० मध्ये भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले, ते छतही यजमानांना दाखवा. खूणच आहे ती, मराठ्यांची.

शिंदेशाही

गुळपोळी, ते खरं आहे आणि लपवण्यासारखं काही नाही. पण तेवढंच सांगून थांबलात तर मुलांपुढे अर्धी गोष्ट जाते. फौजेचे पगार थकले होते, दक्षिणेतून पैसा येत नव्हता, समोर अब्दाली. आणि त्याच किल्ल्याची पुढची गोष्ट अशी: बादशाह शाहआलम कित्येक वर्षं दिल्लीबाहेर होता. महादजी शिंद्यांच्या आधाराने तो १७७२ मध्ये दिल्लीत परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याच किल्ल्यात त्याचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली घेऊन त्याला सोडवलं. त्यानंतर १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने तो संपवला. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मराठ्यांच्या हातून. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

गुळपोळी

मान्य. मला चांदीचं माहीत होतं, शाहआलमचं नव्हतं. आता हे वाचून मला वाटतं की निंबोणींनी लाल किल्ला टाळूच नये. नऊ वर्षांपूर्वी रांग पाहिली, किल्ला कुठे पाहिला? आत २०१९ मध्ये सुरू झालेली संग्रहालयं आहेत. नेताजींवरचं आणि १८५७ वरचं आवर्जून बघा. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला. सकाळी उघडताक्षणी जा.

माजघर

धागा 'लाल किल्ला सोडून' असा आहे आणि चाळीस प्रतिसादांच्या आत आपण सगळे लाल किल्ल्यात!

करोलबागकर

हाहा. दिल्लीत असंच होतं. कुठूनही निघा, वाट किल्ल्यापाशीच येते. बरं, किल्ल्यासमोरच्या लाल जैन मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, ते मुलाला दाखवा. पतंगाच्या मांज्याने जखमी झालेली कबुतरं, पोपट तिथे आणतात. पिंजऱ्यांच्या रांगा, औषधपाणी. बरे झाले की सोडून देतात. चपला बाहेर काढाव्या लागतात, चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत.

डबलडेकर

पक्ष्यांवरून आठवलं. फेब्रुवारीत यमुना घाटावर पहाटे गेलात तर उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी अजून असतील. हजारोंनी. नावेत बसून शेव टाकली की डोक्यावर पांढरं छतच होतं.

माळढोक

शेव टाकू नका, कृपा करून. तळलेलं, मिठाचं खाणं त्या पक्ष्यांसाठी नाही. त्यांना अजून हजारो किलोमीटर परत जायचंय. नावेत नुसतं बसा, उगवत्या उन्हात ते तसेही जवळून जातात. माझा मुलगा असाच बसला, हात मांडीवर ठेवून, आणि त्याने आपण होऊन वहीत काढलं काळ्या टोकाच्या पंखांचं चित्र.

डबलडेकर

हे माहीत नव्हतं. तिथे सगळेच टाकतात म्हणून मीही टाकली. पुढच्या वेळी नाही.

रानजाई

मुलांसाठी अजून दोन. बहादूरशाह जफर मार्गावर शंकर यांचं बाहुल्यांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय, १९६५ पासून. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली होती, तिथून त्यांना नाद लागला. आज ऐंशीहून अधिक देशांतल्या साडेसहा हजार बाहुल्या आहेत. जरा जुनाट वाटेल, काचेची कपाटं वगैरे, पण नवरानवरीच्या आपल्या बाहुल्या शोधण्यात आजी रमतील. मेट्रोने आयटीओ.

दुसरं ऐकून नाक मुरडू नका: सुलभचं शौचालयांचं संग्रहालय. पालम-डाबरी रस्त्यावर, १९९२ पासूनचं. बिंदेश्वर पाठक यांनी उभारलेलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सिंहासनवजा कमोडची प्रतिकृतीसुद्धा आहे. मुलं पोट धरून हसतात. आणि त्याच आवारात दोन खड्ड्यांचा शोषखड्डा-संडास कसा चालतो ते मांडून दाखवलंय: एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं, कुणाला हाताने मैला काढावा लागत नाही. मुलगी हसता हसता गप्प झाली आणि परतीच्या वाटेवर विचारत होती की आधी ते कोण काढायचं. त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही घरी पोचेपर्यंत देत होतो.

चिमणचारा

रानजाई, हे वाचून मीसुद्धा जाणार.

पोटोबा

जेवणाचं कुणी विचारलंच नाही! आजींना तीन दिवसांनी वरणभाताची आठवण येणारच. वेगवेगळ्या राज्यांच्या भवनांत त्या त्या राज्याचं जेवण मिळतं. आंध्र भवनातली थाळी प्रसिद्धच आहे, दुपारी रांग असते. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे. बाहेरच्यांना प्रवेश आणि वेळा आधी फोन करून विचारून घ्या. आणि बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर. नुसतं जेवू नका, स्वयंपाकघर बघा, परवानगी घेऊन पोळ्या लाटायला बसा. माझ्या आईने तिथे दोन तास पोळ्या लाटल्या, शेजारी पंजाबी आजी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी निघताना गळ्यात पडल्या.

अनुस्वार

मराठी खुणांमध्ये तुघलकाबाद कसं कुणी घेतलं नाही? मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, दौलताबाद नाव दिलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दिल्लीच्या बाजूने ती गोष्ट बघायची तर तुघलकाबादला जायला हवं. त्याच्या बापाने, गियासुद्दीनने, १३२१ मध्ये बांधायला घेतलेला प्रचंड किल्ला. चारच वर्षांत बाप लाकडी मंडप कोसळून मेला आणि किल्ला ओस पडत गेला. आज आत नुसते दगड, बाभळी आणि वारा. तटाच्या भिंती आत झुकलेल्या आहेत, बघताना छाती दडपते. रस्त्यापलीकडे गियासुद्दीनची कबर आहे, ती मात्र शाबूत, नेटकी. आजींना किल्ला नको, कबरीचं आवार दाखवा. मेट्रो जवळ नाही, गाडी करा.

शिंदेशाही

अनुस्वार, छान आठवण. आणि राजधानी हाच विषय निघालाय तर कॉरोनेशन पार्क. उत्तरेला, बुराडी रस्त्याच्या बाजूला. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्जने कलकत्त्याहून दिल्लीला राजधानी हलवल्याची घोषणा केली ती जागा. इंडिया गेटजवळच्या छत्रीत आज नेताजींचा पुतळा आहे, तिथे पूर्वी पंचम जॉर्जचा होता. तो पुतळा आता या बागेत उभा आहे. पहिल्या संध्याकाळी छत्री दाखवा आणि रिजच्या दिवशी पुतळा. मुलं स्वतःच जोडतील.

निंबोणी

केवढं दिलंत सगळ्यांनी! काल रात्री पाचही जण वही घेऊन बसलो. ठरलं ते असं:

पहिला दिवस सुंदर नर्सरी, संग्रहालय, रहीम. दुसरा रेल्वे म्युझियम आणि सुलभ. तिसरा सोमवार आहे, म्हणून मेहरौली, दोन गट करून, आणि दुपारी तुघलकाबाद. चौथा रिज, अजितगड, कॉरोनेशन पार्क. पाचव्या दिवशी पहाटे यमुना (शेव न नेता), मग लाल किल्ला आणि पक्ष्यांचं रुग्णालय. बाहुल्या जमल्या तर.

माजघर, दोन गटांची सूचना सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "त्या बाईंना सांग, आईने ब्र काढला नाही कारण तिला लेकीबरोबर यायचं होतं."

माजघर

वाचून डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

निंबोणी

मंडळी, परत आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रहीमच्या मकबऱ्यात सकाळी आमच्याशिवाय दोनच माणसं होती. सासूबाई कबरीपाशी उभ्या राहिल्या आणि एकामागून एक दोहे म्हणू लागल्या, वर्गात म्हणायच्या तशा, स्पष्ट, मोठ्याने. घुमटात आवाज घुमला. तिथला रखवालदार जवळ आला आणि त्यांचा एक दोहा अर्ध्यावर अडला तो त्याने पुरा केला. मग दोघं पायरीवर बसले. तासभर. आम्ही चौघं बाहेर हिरवळीवर. या सहलीत दुसरं काही झालं नसतं तरी मला चाललं असतं.

मोनोरेलपुढे मुलाने खाली वाकून चाक बघितलं आणि म्हणाला, "ही तर सायकलच्या मदतीच्या चाकासारखी आहे." डबलडेकर, चार तास लागले. पाच नाही.

रानजाई, तुम्ही म्हणालात तेच झालं. हसला, हसला आणि मग 'आधी कोण काढायचं?' फरक एवढाच की उत्तर मुलीने दिलं, आम्ही ऐकत होतो.

मेहरौलीत मुलीने कमानी पाहिल्या. बल्बनच्या कबरीत तिने दगडांच्या पाचरी मोजल्या, वहीत काढल्या. जमाली-कमालीची खोली बंद होती, विचारूनही उघडली नाही. माझा नवरा आणि सासूबाई तलावाकाठी शेंगा खात बसले होते. रिजवर दोन्ही पाट्या वाचून मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जुनी काढली नाही ते बरं केलं. नाहीतर नवी कशाला लावली ते कळलंच नसतं." शिंदेशाही, तुम्ही गप्प राहायला सांगितलंत, बरं झालं. हिंदूरावांच्या दारात नवऱ्याने फोटो काढला, रुग्णालयातले लोक बघत होते की हे पाटीबरोबर फोटो का काढताहेत.

कॉरोनेशन पार्क मात्र राहिलं. रिजवरच दुपार झाली आणि सगळे दमले. बाहुल्याही राहिल्या. यमुनेवर धुकं होतं, पक्षी आवाजानेच जास्त कळले आणि मग एकदम चारही बाजूंनी दिसले.

तुघलकाबादला सासूबाई गियासुद्दीनच्या कबरीच्या आवारात बसल्या, आम्ही किल्ल्यात जाऊन आलो. परत आलो तर त्या समोरच्या तटाकडे बघत होत्या. सगळी गोष्ट मुलीकडून पुन्हा ऐकली आणि म्हणाल्या, "बापाचं शहर पाहिलं. आता मुलाचं दाखवा." म्हणजे दौलताबाद. पाऊणशे मैलांवर राहून आम्ही तिथे एकदाही गेलेलो नाही! मे महिन्याच्या आधी जमेल का, आणि गुडघ्यांचं काय?

अनुस्वार

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरका, नंतर दगड तापतो. आजींना चांद मिनारपर्यंत सहज जाता येईल, शेजारी भारतमाता मंदिराचं प्रशस्त आवार आहे, तिथे सावलीत बसता येतं. त्यापुढे खंदक, अंधारी वाट आणि पायऱ्या, ते तुम्ही चौघं करा. अंधारीसाठी बॅटरी न्या. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.